इलेक्ट्रिक गाडीचं पंक्चर: टायर तोच, जॅक मात्र जपून

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकहून पुण्याला येताना आळेफाट्याच्या पुढे डॅशबोर्डवर हवा कमी झाल्याची खूण आली. उतरून बघितलं तर मागच्या डाव्या टायरमध्ये स्क्रू. गाडी इलेक्ट्रिक, टायर २१५/६० आर १६, स्टेपनी नाही, कंपनीचं पंक्चर दुरुस्तीचं किट आहे पण ते वापरलं नाही. पहिल्या पंक्चरवाल्याने ‘बॅटरीची गाडी आहे, करंट लागेल’ म्हणून हात लावला नाही. दुसऱ्याने जॅकवर घेऊन बाहेरून स्ट्रिप, म्हणजे भोकात दाबायची चिकट रबरी पट्टी, मारली. पुण्यात एका टायरच्या दुकानात सांगितलं, ‘इलेक्ट्रिकच्या टायरचं पंक्चर निघत नाही, नवीन टाका.’ खरं कोणाचं मानायचं?

माझं टायरचं दुकान आहे आणि हल्ली रोज एखादी तरी इलेक्ट्रिक गाडी समोर उभी असते, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पहिल्याची भीती चुकीची. तिसऱ्याचं म्हणणंही चूक, निदान टायर उतरवून न बघता केलेलं तरी. दुसऱ्याने रस्त्यावर जे करता येतं ते केलं. पण त्याने जॅक नेमका कुठे लावला हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि तुमच्या सगळ्या हकिगतीत मला काळजी वाटते ती त्याचीच.

करंटचं आधी मिटवून टाकू. गाडीची मोठी बॅटरी साधारण तीनशे-चारशे व्होल्टच्या घरातली असते, त्यामुळे कारागिराला धास्ती वाटली तर नवल नाही. पण तो करंट बॉडीत येत नाही. नेहमीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीची निगेटिव्ह वायर बॉडीला जोडलेली असते. मोठ्या बॅटरीची दोन्ही टोकं बॉडीपासून वेगळी ठेवलेली असतात आणि कुठे गळती आहे का हे गाडी स्वतःच तपासत राहते. गाडी बंद केली की बॅटरीच्या पॅकमधले कॉन्टॅक्टर, म्हणजे जोडणी तोडणारे मोठे स्विच, उघडतात, पुरवठा पॅकच्या आतच थांबतो. रिम, नट, ब्रेकची डिस्क यांचा त्याच्याशी संबंध नाही. हात लावायचा नाही तो नारिंगी वेष्टनाच्या जाड केबलना, आणि पंक्चर काढताना तिथपर्यंत हात जायचं काही कारणच नसतं.

खरा धोका वेगळा आहे. ही गाडी चालू आहे हे ऐकू येत नाही. उन्हात घरचे लोक एसी लावून आत बसलेले, चावी मालकाच्या खिशात, डॅशबोर्डवर ‘रेडी’ पेटलेलं, आणि खाली कारागीर चाकाशी बसलेला. आतल्या कोणाचा पाय ब्रेकवर आणि हात गिअरच्या नॉबवर गेला की गाडी हलते, तीही आवाज न करता. म्हणून चाक उचलायच्या आधी सगळे खाली उतरा, गाडी ‘पी’ म्हणजे पार्किंगमध्ये टाका, हँडब्रेक लावा, ‘रेडी’ विझल्याची खात्री करा, आणि चावी गाडीपासून लांब न्या. समोरच्या कोपऱ्यातल्या चाकाला दगड किंवा लाकडी ठोकळा लावा. कारागीर हसला तर हसू द्या.

आता जॅक. बहुतेक इलेक्ट्रिक कारमध्ये बॅटरीचा पॅक पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधे, फरशीखाली पसरलेला असतो. पेट्रोल गाडीखाली ट्रॉली जॅक सरकवताना कारागिराचा हात सवयीने आतला एखादा मजबूत, सपाट भाग शोधतो. इलेक्ट्रिक गाडीखाली वाकून बघितलं तर सगळ्यात मजबूत आणि सपाट दिसतो तो पॅकचा तळ. तिथे जॅक लावला तर गाडी उचलली जाते, काही मोडल्याचा आवाज येत नाही, पंक्चर निघतं, पैसे देऊन माणूस निघून जातो. गाडीचं दीड टनाच्या आसपासचं वजन, त्यातला एका कोपऱ्याचा भार, जॅकच्या तळहाताएवढ्या बशीवर आणि बशी पॅकच्या पत्र्यावर! त्या पत्र्याच्या आतल्या बाजूला कित्येक गाड्यांत गार पाणी फिरवायच्या प्लेट आणि सेल असतात. पोचा लगेच त्रास देईलच असं नाही. महिन्यांनी कूलंट गळतं, किंवा सील सुटलेल्या जागेतून पावसाचं पाणी शिरतं, आणि तोवर ते पंक्चर कोणाच्या लक्षातही नसतं. बाहेरून लागलेला मार साधारणपणे बॅटरीच्या वॉरंटीत बसत नाही. मग विम्याच्या मागे लागावं लागतं.

जॅकची बरोबर जागा दरवाज्याखालच्या लोखंडी कडेला असते: पुढच्या चाकाच्या थोडं मागे आणि मागच्या चाकाच्या थोडं पुढे. बहुतेक गाड्यांत तिथे दोन खाचा किंवा बाणाची खूण असते. काही परदेशी गाड्यांना कड नसते, तिथे गोल भोकं असतात आणि त्यात बसणारा रबरी ठोकळा वेगळा घ्यावा लागतो. गाडीच्या मॅन्युअलमध्ये याचं चित्र असतंच. त्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. पंक्चरवाल्याला तोंडी समजावण्यापेक्षा चित्र दाखवणं सोपं जातं, आणि त्यालाही अपमान वाटत नाही. कडेवर जॅकची बशी थेट लावली तर कड मुडपते, म्हणून मधे खाच असलेलं रबरी पॅड हवं. ऑनलाइन मिळतं, फार महाग नाही, आणि इलेक्ट्रिक गाडीच्या डिकीत कायम असावं अशी वस्तू आहे. ज्या गाड्यांना एअर सस्पेन्शन आहे त्यांच्या मेनूमध्ये जॅक मोड असतो. तो लावला नाही तर गाडी उचलताना स्वतःच उंची बदलायला बघते. दुकानातल्या दोन खांबांच्या लिफ्टवर घेतानाही हेच लागू: चारही हातांची टोकं त्याच चार जागी, पॅकच्या कडेच्या बाहेर.

तुमच्यापुरतं सांगायचं तर आज उजेडात गाडी सपाट जागेवर उभी करा, हात लांब करून मोबाइलने खालचे फोटो काढा. मागच्या डाव्या बाजूला गोल किंवा चौकोनी ताजा ओरखडा दिसतो का बघा. प्लास्टिकच्या किंवा पातळ पत्र्याच्या संरक्षक आवरणावर नुसता ओरखडा असेल तर बिघडलं नाही. पॅकच्या अंगावर पोचा दिसला तर सर्व्हिस सेंटरला दाखवा, आणि तपासून होईपर्यंत रात्रभर चार्जिंगला लावून झोपू नका.

खरं तर स्ट्रिप मारायला चाक उचलायची गरज बऱ्याचदा पडतच नाही. गाडी थोडी पुढेमागे घेऊन खिळा हाताला येईल अशा जागी आणायचा, पकडीने उपटायचा, भोक साफ करणारा कानशीसारखा रीमर फिरवायचा, टोच्यात ओवलेली स्ट्रिप दाबायची, हवा भरायची. हायवेवर अनोळखी माणसाकडून मी तरी एवढंच करून घेईन. जॅकच लागला नाही तर जॅकची चूकही होत नाही.

आता या स्ट्रिपचं पुढे काय? ट्यूबलेस टायरच्या सगळ्यात आतल्या बाजूला हवा धरून ठेवणारा ब्युटिल रबराचा पातळ थर असतो. त्याच्यावर दोऱ्यांचा थर, त्याच्यावर पोलादी तारांचे पट्टे, आणि मग आपल्याला दिसतो तो नक्षीचा ट्रेड. स्ट्रिप बाहेरून घुसते आणि भोक बुजवते, पण आतला थर ती नीट जोडत नाही. शिवाय रीमर फिरवताना दोन-चार तारा तुटतात, आणि कडेने पाणी आत गेलं की तारा गंजायला लागतात. हे पेट्रोल गाडीलाही लागू आहे. इलेक्ट्रिकमध्ये भर पडते ती वजनाची आणि ओढीची. त्याच आकाराच्या पेट्रोल गाडीपेक्षा ती दीडदोनशे किलोंनी जड असू शकते. मोटरची पूर्ण ओढ पाय ठेवताक्षणी येते, आणि पाय उचलला की रीजन, म्हणजे मोटरनेच ब्रेक लावून बॅटरी भरणं, उलट्या दिशेने खेचतं. ज्या चाकांना मोटर जोडलेली आहे त्यांचा ट्रेड दोन्हीकडून ओढला जातो. तुमची गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असेल तर मागच्या टायरवर हा ताण बराच कमी. स्ट्रिपवर टायर संपेपर्यंत चाललेल्या गाड्या भरपूर आहेत, ते मी नाकारत नाही. माझी हरकत दुसरीच आहे: स्ट्रिप मारणाऱ्याने टायर आतून बघितलेला नसतो.

आणि सगळा निकाल आतूनच लागतो. हवा कमी झाल्यावर गाडी थोडी जरी जास्त चालवली असेल तर टायरची बाजू दुमडत राहते आणि आतल्या बाजूने रबर घासलं जातं. टायर उतरवला की आत काळा भुगा पडलेला असतो, साइडवॉलला, म्हणजे त्या बाजूला, गोल पट्टा उमटलेला असतो, हात फिरवला तर खरखरीत लागतं. असा टायर बाहेरून नव्यासारखा दिसला तरी तो भंगारात जातो, भोक कितीही लहान असो. जड गाडीत हे नुकसान लवकर होतं. भुगा नसेल तर मग भोकाकडे बघायचं. ते ट्रेडच्या मधल्या भागात हवं. खांद्याला (ट्रेड जिथे बाजूकडे वळतो तिथे) किंवा साइडवॉलला असेल तर दुरुस्ती नाही, कारण तो भाग प्रत्येक फेऱ्याला वाकतो आणि पॅच धरून राहत नाही. भोक ६ मिलिमीटरपर्यंत ठीक. स्क्रू फार तिरका गेला असेल, अंदाजे २५ अंशांपेक्षा जास्त, तर देठ आणि टोपी एकत्र असलेला एका तुकड्याचा मशरूम पॅच चालत नाही. देठ आणि पॅच वेगवेगळे वापरावे लागतात. जुन्या दुरुस्तीला खेटून नवी दुरुस्ती करायची नाही.

या सगळ्यातून टायर पास झाला तर मशरूम पॅच करून घ्या. त्याला खाली रबरी देठ असतो जो भोक भरतो, आणि वर टोपी असते जी आतला थर झाकते. काम नीट चाललंय का हे तुम्ही उभं राहून ओळखू शकता. भोक आधी पॅचच्या देठाच्या मापाच्या कटरने आतून साफ होतं. तुमच्या टायरमध्ये स्ट्रिप आहे, ती काढून मगच. नंतर आजूबाजूचं रबर हळू फिरणाऱ्या बफरने घासलं जातं, पातळ थर फाटेपर्यंत नव्हे, फक्त तेलकट चमक जाईपर्यंत. भुगा झाडून सोल्यूशन लावतात आणि वाळू देतात. ही पायरी बघण्यासारखी आहे. सोल्यूशन ओलं असतानाच पॅच दाबला तर तो काही महिन्यांत कडेने उचलतो. बोटाला चिकट लागेल पण बोटावर येणार नाही इतकं ते वाळायला हवं. मग देठ बाहेर खेचायचा, आतून छोट्या चाकाच्या रोलरने मधून कडेकडे दाबत जायचं, बाहेरचा देठ ट्रेडच्या लगत कापायचा. टायर रिमवर चढवून पाण्यात बुडवून बघायचा आणि बॅलन्सिंग करायचं. पंधरा मिनिटांत सगळं झालं असेल तर काहीतरी गाळलेलं आहे.

टायर उतरवताना एक गोष्ट तुम्ही स्वतः सांगा: ‘आत सेन्सर आहे.’ तुमच्या डॅशबोर्डवर प्रत्येक चाकाचा आकडा दिसत असेल तर सेन्सर बहुधा व्हॉल्व्हच्या मागे, रिमच्या आत बसवलेला आहे. टायरची कड सोडवणारा मशीनचा फाळ व्हॉल्व्हजवळ लागला की तो तुटतो.

‘इलेक्ट्रिकच्या टायरचं पंक्चर निघत नाही’ हे आलं कुठून, याचा माझा अंदाज सांगतो. काही इलेक्ट्रिक आणि महागड्या गाड्यांच्या टायरमध्ये आतल्या बाजूला स्पंजचा पट्टा चिकटवलेला असतो. इंजिनाचा आवाज नसल्यामुळे टायरच्या पोकळीतली घुमणारी घरघर, साधारण २०० हर्ट्झच्या आसपासची, केबिनमध्ये जास्त जाणवते. स्पंज ती शोषून घेतो. असा टायर पहिल्यांदा उघडणारा कारागीर गोंधळतो. पण त्याचीही दुरुस्ती होते: भोकाभोवतीचा स्पंज चौकोनी कापून काढायचा, खालचा गोंद पूर्ण खरवडायचा, नेहमीसारखा पॅच करायचा, आणि कंपनीची सूचना असेल तसा स्पंजचा तुकडा परत चिकटवायचा. दुसरा प्रकार स्वतःच भोक बुजवणाऱ्या टायरचा. त्यात आतून चिकट लेप असतो आणि ट्रेडमधलं ५ मिलिमीटरच्या आसपासचं भोक तो भरून काढतो. अशा टायरवर पॅच लावणं किचकट आहे. ते ज्याने आधी केलं आहे त्याच्याकडेच न्या. तुमच्या मापाच्या टायरमध्ये स्पंज सहसा नसतो. उतरवल्यावर दिसेलच.

किट वापरलं नाहीत ते या प्रसंगी बरंच झालं. बाटलीतलं लेटेक्सचं द्रावण अडीअडचणीसाठी उत्तम आहे: रात्र आहे, पाऊस आहे, दुकान जवळ नाही, तर जरूर वापरा. ते फक्त ट्रेडमधल्या लहान भोकाला चालतं. नंतरचा वेग बाटलीवर लिहिलेला असतो, बहुतेकदा ताशी ८० किलोमीटरपर्यंत, आणि गाडी थेट टायरच्या दुकानातच न्यायची असते. दुकानात मात्र आधीच सांगा की आत द्रावण आहे, नाहीतर टायर उघडताच ते कारागिराच्या अंगावर येतं. ते धुवून काढावं लागतं, सेन्सरच्या भोकात जाऊन बसतं, आणि स्पंजवाल्या टायरमध्ये स्पंज ते पिऊन टाकतो. बाटलीवर मुदतीची तारीखही असते, ती कोणी बघत नाही. कंप्रेसर १२ व्होल्टच्या सॉकेटवर चालतो, तेव्हा हवा भरताना गाडी ‘पी’मध्ये ठेवून ‘रेडी’ करा. मग लहान बॅटरीला मोठीकडून भर मिळत राहते. अर्थात हे चाक जमिनीवर असताना. दुचाकीवाले आधीच टायरमध्ये जे जेल भरून ठेवतात, ते मी कारमध्ये भरत नाही. बॅलन्सिंग बिघडतं आणि पुढची दुरुस्ती अवघड होते.

हवेचा दाब ड्रायव्हरच्या दरवाज्याजवळच्या स्टिकरवर असतो आणि तो गार टायरचा असतो. रस्त्यावर न विचारता ३२ भरायची पद्धत आहे. कित्येक इलेक्ट्रिक गाड्यांना त्याहून जास्त लागतो. कमी हवेवर रेंज घटते हे लोकांना माहीत आहे, पण टायर तापतो हे विसरतात. समृद्धी महामार्गावर उन्हाळ्यात काँक्रीटवर ताशी १२० ने तासन् तास जायचं असेल तर निघण्यापूर्वी घरी दाब बघणं हे पंक्चरच्या किटपेक्षा महत्त्वाचं. नायट्रोजनबद्दल विचारतात. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. फुकट मिळाला तर भरा, नाही मिळाला तर साधी हवा वेळच्या वेळी तपासा.

नवीन टायर टाकायचीच वेळ आली तर नुसतं २१५/६० आर १६ सांगून चालत नाही. याच मापात ९५ आणि ९९ असे दोन भारांक मिळतात. ९५ म्हणजे एका टायरला ६९० किलो, ९९ म्हणजे ७७५ किलो. ९९ वाल्यावर ‘एक्सएल’ (जादा भाराचा) लिहिलेलं असतं. जुन्या टायरवर जो आकडा आहे त्याच्याखाली जायचं नाही, दुकानदार कितीही सूट देवो. एकाच एक्सलवरच्या दोन टायरच्या नक्षीत फार फरक नको. जोडीदार टायर १.६ मिलिमीटरच्या कायदेशीर मर्यादेजवळ आला असेल तर दोन्ही बदला.

स्टेपनी का दिली नाही, असं तुम्ही चिडून विचारलं आहे. २०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला: साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीला ट्यूबलेस टायर, दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचं किट असेल तर स्टेपनी सक्तीची नाही. कंपन्यांना जागा आणि वजन वाचवायचं असतं, विशेषतः बॅटरीच्या गाडीत. लांबचा प्रवास बराच असेल तर त्याच मापाचं साधं लोखंडी चाक विकत घेऊन फक्त प्रवासापुरतं डिकीत टाकणारे माझे काही गिऱ्हाईक आहेत. पण मग जॅक, पाना आणि ते रबरी पॅडही बरोबर लागतं. आणि टायर दुरुस्तीपलीकडे गेला, दुसरं चाक नाही, अशी वेळ आली तर गाडी पूर्ण उचलून नेणाऱ्या फ्लॅटबेडवरच न्या. चाकं जमिनीवर फिरवत ओढली तर कित्येक गाड्यांत मोटरही फिरते आणि करंट तयार करते.

तर या आठवड्यात मशरूम पॅच करणाऱ्या दुकानात जा, टायर उतरवून आतून तुमच्या डोळ्यांदेखत बघायला लावा, भुगा नसेल तर पॅच करून घ्या. नट पान्यावर उभं राहून आवळू देऊ नका. मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्यावर टॉर्क रेंचने, म्हणजे किती जोराने आवळलं ते मोजणाऱ्या पान्याने, आवळायला सांगा, आणि पन्नासेक किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा तपासून घ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी हलवायच्या आधी दाब मोजा. बाकीच्या तीन चाकांच्या तुलनेत दोन पीएसआयपेक्षा जास्त उतरला असेल तर त्याच दुकानात परत न्या, आणि पॅचला दोष द्यायच्या आधी व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी टाकून बघायला सांगा.